पावसात धावपट्टी दिसेनाशी होते तेव्हा : कोझिकोडचा अहवाल आणि नवी मुंबईचा पहिला पावसाळा

खाडीअलीकडे (ठाणे)

नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी वाहतूक सुरू झाली, म्हणजे या धावपट्टीने प्रवासी विमानांसह अद्याप एकही पावसाळा काढलेला नाही. आमच्या ठाण्यात चर्चा चालते ती घोडबंदर रस्त्यावरून तिथे पोहोचायला किती वेळ लागेल आणि टॅक्सीवाला किती घेईल याची. जुलैत माथेरानपासून खाडीपर्यंत सगळे एकाच करड्या पडद्याआड गेले की तिथे विमान कसे उतरणार, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. म्हणून हा धागा काढत आहे. मी वैमानिक नाही. निवृत्त अभियंता आहे आणि अपघातांचे चौकशी अहवाल वाचण्याची सवय आहे, एवढीच माझी पात्रता.

‘दिसत नसले तर विमान यंत्रावर उतरते’ ही सर्वसाधारण समजूत अर्धीच खरी आहे. आयएलएस (इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टिम) ही यंत्रणा विमानाला सुमारे तीन अंशांच्या उतारावरून धावपट्टीच्या रेषेत आणून सोडते. तिच्या पहिल्या श्रेणीत २०० फुटांच्या निर्णय-उंचीवर वैमानिकाला धावपट्टी किंवा तिच्या अलीकडचे दिवे डोळ्यांनी दिसावे लागतात आणि धावपट्टीवरील दृश्यमानता किमान ५५० मीटर असावी लागते. दुसऱ्या श्रेणीत हीच उंची १०० फूट आणि दृश्यमानता ३०० मीटर होते. २०० फुटांवर असलेले विमान चाके टेकण्याच्या जागेपासून साधारण ११५० मीटर दूर असते आणि ताशी २६० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने ते अंतर पंधरा-सोळा सेकंदांत संपते. दिवे दिसले नाहीत तर पुन्हा वर जायचे, म्हणजे गो-अराउंड करायचा, हे त्या क्षणी नव्याने ठरवायचे नसते. ते आधीच ठरलेले असते आणि तेवढेच अमलात आणायचे असते.

७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोडला काय झाले ते या संदर्भात वाचण्यासारखे आहे. करोनाकाळात परदेशात अडकलेल्यांना परत आणणाऱ्या वंदे भारत मोहिमेतले दुबईहून आलेले बोइंग ७३७ विमान, आत १८४ प्रवासी आणि ६ कर्मचारी, संध्याकाळची वेळ, पाऊस. पहिल्या खेपेस २८ क्रमांकाच्या धावपट्टीकडे येताना मुख्य वैमानिकाच्या बाजूचा वायपर बंद पडला आणि विमान वर घेण्यात आले. तोपर्यंत सर्व यथास्थित होते. दुसऱ्या खेपेस विरुद्ध दिशेने, १० क्रमांकाच्या धावपट्टीवर, १४ नॉट (ताशी सुमारे २६ किलोमीटर) वारा पाठीमागून घेत विमान आले आणि ८,८५८ फूट लांबीच्या धावपट्टीवर सुरुवातीपासून ४,४३८ फुटांवर टेकले. म्हणजे ओल्या धावपट्टीचा निम्मा भाग मागे पडलेला आणि जमिनीवरील वेग १६५ नॉट, ताशी ३०० किलोमीटरहून अधिक. पठारावरच्या त्या धावपट्टीच्या टोकापलीकडे उतार होता. दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा मृत्यू झाला.

सप्टेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला चौकशी अहवाल वाचताना माझे लक्ष पावसापेक्षा कॉकपिटमधल्या संवादाकडे गेले. सहवैमानिकाने आधी दोनदा अस्पष्ट, काहीसे संकोचलेले शब्द वापरून कॅप्टनचे लक्ष वेधण्याचा प्रयत्न केला आणि मग ‘गो-अराउंड’ असे स्पष्ट म्हटले. ते म्हटल्यावर विमान वर नेणे बंधनकारक होते. ते नेले गेले नाही, आणि सहवैमानिकानेही नियंत्रण स्वतःकडे घेतले नाही. अहवालाने संभाव्य कारण म्हणून या दोन्ही गोष्टी नोंदवल्या आहेत.

माझे मत असे की कमी दृश्यमानतेत उतरताना धोका न दिसण्यात जेवढा असतो, त्याहून अधिक तो ‘आता इतके जवळ आलोच आहोत’ या भावनेत असतो, आणि ती भावना आपण प्रवासीही पोसत असतो. विमान वर गेले की आत जो गलका सुरू होतो तो आठवून पाहावा. जाणकारांनी यावर लिहावे.

दिशादर्शक (खारघर)

धागा उत्तम आहे. विमानतळावरील दिशादर्शक उपकरणांच्या देखभालीत माझी नोकरी गेली, त्यामुळे दोन-तीन गोष्टींची भर घालतो.

वर ज्या दृश्यमानतेचा उल्लेख आहे तिला आम्ही आरव्हीआर म्हणतो. धावपट्टीच्या कडेला, माणसाच्या उंचीपेक्षा थोडे वर, ठरावीक अंतरावर दोन खांब असतात; एकातून प्रकाशझोत सुटतो, दुसरा तो किती क्षीण होऊन पोहोचला ते मोजतो आणि त्यावरून आकडा निघतो. लांब धावपट्टीवर हे मापन टेकण्याच्या जागी, मध्यावर आणि शेवटी अशा तीन ठिकाणी करतात. ‘दृष्टी’ नावाचे असे उपकरण बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने भारतीय हवामान विभागासह विकसित केले आणि ते देशातल्या अनेक विमानतळांवर बसवलेले आहे. पावसाळ्यात त्यांच्या काचांवरची घाण आणि पाणी पुसत राहणे हे रोजचेच काम. पहाटे पाचला रेनकोट घालून, हातात मऊ फडके घेऊन त्या खांबापाशी उभे राहण्यात कोणतीही शान नसते. परंतु काच मळली तर आकडा चुकतो, आणि वर घिरट्या घालणारा माणूस त्याच आकड्यावर विसंबून असतो.

यातला बारकावा असा की आम्ही मोजतो ते जमिनीलगतचे आडवे अंतर, आणि वैमानिक पाहतो तिरपे, वरून खाली. दोन्हींच्या मधे ढगाचा एखादा पातळ तुकडा असला तरी खाली ८०० मीटर भरते आणि वर काहीच दिसत नाही. प्रवाशांना ‘शेजारचे विमान तर उतरले’ याचा जो राग येतो त्याचे उत्तर बहुतेक वेळा इथे असते. पावसाची सर दोन मिनिटांत धावपट्टीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकते.

दुसरे म्हणजे धुके आणि पाऊस यांची गल्लत करू नये. दिल्लीला तिसऱ्या श्रेणीची यंत्रणा आहे आणि तिथे दाट धुक्यात विमाने स्वयंचलित रीतीने उतरतात, हे खरे आहे. परंतु धुके पडते तेव्हा वारा जवळजवळ नसतोच. आपल्याकडे दृश्यमानता घटते ती नैऋत्येच्या झोंबऱ्या वाऱ्यासह. स्वयंचलित अवतरणाला आडव्या वाऱ्याची मर्यादा असते. शिवाय धावपट्टीवर पाणी साचलेले असते, काचेवर पाणी वाहत असते, आणि त्या पाण्यातून प्रकाश वाकल्यामुळे आपण आहोत त्यापेक्षा उंचावर आहोत असा वैमानिकाचा समज होऊ शकतो. म्हणून ‘दिल्लीसारखी यंत्रणा बसवा म्हणजे मुंबईचा प्रश्न सुटेल’ असे जे लोक छातीठोकपणे सांगतात, त्यांच्याशी मी सहमत नाही.

कर्नाळ्याची वाट (पनवेल)

आम्ही डोंगरात हिंडणारी माणसे, विमानांचे तंत्र आम्हाला ठाऊक नाही. तरी या परिसराचा इतिहास इथे नोंदवावासा वाटतो. ४ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्याहून मुंबईला येणारे इंडियन एअरलाइन्सचे एचएस ७४८ विमान रात्रीच्या वेळी खराब हवामानात पनवेलजवळच्या डोंगरावर आदळले आणि आतले सर्व ४५ जण गेले. त्याआधी ७ जुलै १९६२ रोजी बँकॉकहून मुंबईकडे येणारे अलितालियाचे डीसी-८ जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले होते. आपण नेमके कुठे आहोत याचा अंदाज चुकून विमान वेळेआधीच खाली आले आणि ९४ जणांचा बळी गेला. दोन्ही वेळी धावपट्टी अजून दूर होती.

आजच्या विमानांत पुढच्या भूभागाचा नकाशा बाळगणारी आणि डोंगर जवळ येताच ओरडून सावध करणारी यंत्रणा असते, त्यामुळे त्या काळाशी थेट तुलना करता येणार नाही, याची जाणीव आहे. तथापि पावसाळी वारे पश्चिमेकडून वाहतात आणि विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरते, म्हणजे नवी मुंबईत पावसाळ्यात बहुतेक विमाने पूर्वेकडून, आमच्या पनवेलच्या अंगाने येणार. त्या बाजूला प्रबळगड, माथेरान, कर्नाळा अशी रांगच आहे. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला. परंतु प्रबळगड कोणी कापणार नाही. तेव्हा उतरण्याचा मार्ग आखताना आणि विशेषतः गो-अराउंड केल्यावर विमानाने कोणत्या बाजूने वळून किती उंची गाठायची हे ठरवताना, या डोंगरांचा विचार आधीच झालेला असतो का, हे कोणी सांगू शकेल काय?

दिशादर्शक (खारघर)

होय, तो झालेलाच असतो. प्रत्येक धावपट्टीच्या प्रत्येक दिशेसाठी उतरण्याचा आणि न उतरता परत वर जाण्याचा मार्ग छापील नकाशात दिलेला असतो. कोणत्या टप्प्यात किती उंचीखाली यायचे नाही, हेही त्यात असते. ते आकडे भोवतालचे डोंगर, मनोरे, इमारती मोजूनच काढलेले असतात. त्या मार्गाला सोडून स्वतःच्या अंदाजाने कडेने वळण्याचा मोह झाला तरच डोंगराचा प्रश्न येतो.

सेक्टर सतरा (वाशी)

धागाकर्त्यांचा विवेचनाचा भाग आवडला, परंतु शेवटचा परिच्छेद मुळीच पटला नाही. प्रवासी ही भावना पोसतात, म्हणजे नक्की काय करतात? कॉकपिटचे दार बंद असते आणि आमचा गलका त्या दारापलीकडे पोहोचत नाही.

मी स्वतः मागे एकदा भर पावसात चेन्नईहून येत होते. विमान खाली आले, खिडकीतून काहीही दिसत नव्हते, पंखांवरचा दिवासुद्धा धूसर झाला होता, आणि एकाएकी इंजिनांचा आवाज वाढून पाठ सीटला चिकटली. पुन्हा एकदा तेच झाले आणि मग आम्हाला अहमदाबादला नेण्यात आले. विमान वळवल्याबद्दल आमच्यापैकी कोणीही तक्रार केली नाही, उलट काही जणांनी हात जोडले. लोक संतापले ते त्यानंतर. धावपट्टीच्या कडेला बंद विमानात आम्हाला तासन्‌तास बसवून ठेवले. पाणी संपले होते, लहान मुले रडत होती, आणि विचारले तर ‘मॅडम, अपडेट आल्यावर सांगतो’ एवढेच उत्तर. अखेरीस वैमानिकांच्या कामाचे तास संपल्याचे जाहीर झाले. त्या संतापाला ‘प्रवाशांचा दबाव’ म्हणणे अन्यायाचे आहे.

आपण ज्या अहवालाचा दाखला दिला आहे त्याच अहवालात पुढचा भागही आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कॅप्टनला कोझिकोडहून पुढचे उड्डाण करायचे होते आणि तिथल्या तळावर कॅप्टनांची संख्या अपुरी होती, याची नोंद त्यात घेतलेली आहे. विमान दुसरीकडे वळवले असते तर सकाळचे वेळापत्रक कोलमडले असते. म्हणजे जे ओझे होते ते कंपनीने आखलेल्या कामाच्या तक्त्याचे होते, तिकीट काढून बसलेल्या माणसाचे नव्हते. परदेशात अडकून कशीबशी घरी परतणारी ती माणसे होती. त्यांच्या माथी हे मारू नये.

खाडीअलीकडे (ठाणे)

सेक्टर सतरा, आपला मुद्दा महत्त्वाचा आहे आणि तक्त्याचा उल्लेख इथे यायलाच हवा होता. दबाव हा शब्द मी ओरडण्यापुरता वापरत नाही. वेळेवर पोहोचणाऱ्या कंपनीला आपण पसंती देतो, वेळेचे आकडे जाहिरातीत झळकतात, त्या आकड्यांवरून कामाचे तक्ते ताणले जातात, आणि तो ताण शेवटी २०० फुटांवरच्या माणसापर्यंत पोहोचतो. या साखळीत आपण कुठेतरी आहोत, एवढेच म्हणणे आहे. दोषात आपला वाटा किती, यावर मतभेद राहू शकतात. आपल्याला अहमदाबादेत जी वागणूक मिळाली तिचे समर्थन कोणीच करणार नाही. किंबहुना विमान वळवल्यानंतर प्रवाशांची नीट सोय होत असेल तर वळवण्याचा निर्णय सर्वांनाच सोपा जाईल.

यासंदर्भात एक आकडा देतो. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासानुसार, वेग, उतार किंवा दिशा ठरलेल्या मर्यादेत नसतानाही पुढे चालू राहिलेल्या अवतरणांचे प्रमाण इतके मोठे आहे की अशा प्रसंगी गो-अराउंड केवळ ३ टक्क्यांच्या आसपास केला जातो. ढगात असाल तर १००० फुटांवर सर्व काही स्थिर असलेच पाहिजे, हा नियम सर्वत्र शिकवला जातो. गो-अराउंडसाठी वैमानिकाला जाब विचारायचा नाही, हेही नियमपुस्तकांत असते. तरीही प्रमाण ३ टक्के. म्हणजे अडचण नियमांच्या अभावाची नाही.

उशिराची लोकल (घणसोली)

धाग्याचा सूर ‘गो-अराउंड केला की सगळे सुरक्षित’ असा होत चालला आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. १८ ऑगस्ट २०१५ रोजी दोह्याहून कोचीला येणाऱ्या एका बोइंग ७३७ विमानाने कमी दृश्यमानतेमुळे कोचीला तीनदा प्रयत्न केला आणि तीनदा ते वर गेले. मग ते तिरुवनंतपुरमला वळवले, तर तिथेही तीच परिस्थिती. तिथले तीन प्रयत्न फसले आणि चौथ्या, म्हणजे एकूण सातव्या खेपेस ते उतरले तेव्हा टाक्यांत ३४९ किलो इंधन होते. त्या विमानाच्या दृष्टीने ते जेमतेम काही मिनिटांचे इंधन. नियमाप्रमाणे उतरताना किमान अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढे शिल्लक असायला हवे. यातला प्रत्येक गो-अराउंड सुटा पाहिला तर नियमाला धरूनच होता, आणि तरीही सगळे मिळून विमान अशा टोकाला पोहोचले की सातव्या वेळी दिसो वा न दिसो, उतरण्यावाचून मार्ग उरला नाही.

माझ्या मते खरा निर्णय तिसऱ्यांदा वर गेल्यावर घ्यायचा नसतो. पहिल्यांदा वर गेल्यावरच इंधनाचा हिशेब करून ‘आणखी एकदा, आणि नाही जमले तर अमुक ठिकाणी’ असे ठरवावे लागते, आणि ते अमुक ठिकाण त्याच पावसाखाली असता कामा नये.

दिशादर्शक (खारघर)

शेवटचे वाक्य नवी मुंबईला तंतोतंत लागू पडते. ‘आता मुंबईला दोन विमानतळ झाले, एक बंद पडला तर दुसरा आहे’ असे मी हल्ली अनेकांकडून ऐकतो. तांत्रिक बिघाडाने एक धावपट्टी बंद झाली तर हे खरे आहे. पावसाच्या बाबतीत मात्र सांताक्रूझला जो ढग असेल तोच अर्ध्या तासाने उलव्यावर असण्याची शक्यता मोठी. त्यामुळे अहमदाबाद, हैदराबाद किंवा गोव्यापर्यंत पुरेल एवढे इंधन बाळगणे यापुढेही आवश्यकच राहणार, आणि जादा इंधन म्हणजे जादा वजन, जादा खर्च. जवळचा विमानतळ कागदावर पर्याय म्हणून दाखवण्याचा मोह कोणाला होऊ नये, अशी अपेक्षा आहे.

आणखी एक. नवी मुंबईला सध्या ३,७०० मीटरची एकच धावपट्टी वापरात आहे. १ जुलै २०१९ रोजी जयपूरहून आलेले विमान मुंबईत मुसळधार पावसात मुख्य धावपट्टीच्या टोकापलीकडे गेले आणि चिखलात रुतले, तेव्हा ते काढेपर्यंत काही दिवस गेले. २१ जुलै २०२५ रोजी कोचीहून आलेले विमान पावसातच धावपट्टीवरून घसरले. दोन्ही वेळी मुंबईकडे दुसरी, छोटी का होईना, धावपट्टी होती आणि वाहतूक रखडत का होईना चालू राहिली. नवी मुंबईत असे एक विमान रुतले तर ते हलवेपर्यंत सगळेच ठप्प. रुतलेले विमान उचलण्यासाठी लागणारे हवेच्या पिशव्यांचे संच कुठे ठेवले आहेत आणि ते किती तासांत तिथे पोहोचतील, हा प्रश्न दुकानांच्या आणि विश्रामकक्षांच्या चर्चेपेक्षा मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

भरतीओहोटी (ऐरोली)

सर्वांचे आभार, बरीच नवी माहिती मिळाली. थोडे अवांतर होईल, परंतु मुंबईच्या धावपट्ट्यांचा विषय निघालाच आहे तर सांगते की १९५३ साली बीओएसी या ब्रिटिश कंपनीचे कॉमेट आणि १९७२ साली जपान एअरलाइन्सचे डीसी-८ अशी दोन मोठी विमाने जुहूच्या छोट्या धावपट्टीला सांताक्रूझची समजून तिथेच उतरली होती. सुदैवाने दोन्ही वेळी कोणाचा जीव गेला नाही.

माझा प्रश्न साधा आहे. माझे वडील पुढच्या महिन्यापासून उपचारासाठी नियमितपणे विमानाने ये-जा करणार आहेत. घरातून निघण्याआधी धावपट्टीवरची दृश्यमानता सामान्य माणसाला कुठे पाहता येते का? मोबाइलवरच्या हवामानाच्या अ‍ॅपमध्ये नुसते ढगाचे चित्र दिसते.

दिशादर्शक (खारघर)

पाहता येते. विमानतळाचा हवामान अहवाल, ज्याला मेटार म्हणतात, मुंबईसाठी दर अर्ध्या तासाने निघतो आणि तो अनेक संकेतस्थळांवर कोणालाही फुकट वाचता येतो. मुंबईसाठी ‘व्हीएबीबी’ या संकेताने शोधावे. त्या ओळीत वाऱ्याची दिशा आणि वेग आला की पुढचा चार आकडी भाग म्हणजे मीटरमधली दृश्यमानता. तिथे ३००० असेल तर निश्चिंत राहावे, ०८०० असेल तर विलंब गृहीत धरावा. त्यानंतर ‘आर२७/०६००’ असे काही दिसले तर २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर आरव्हीआर ६०० मीटर आहे, असा त्याचा अर्थ.

एकाच ओळीवरून निष्कर्ष काढू नका, लागोपाठच्या तीन-चार ओळी पाहा. आकडा खाली-वर होत असेल तर सरी येऊन जात आहेत आणि विमाने मधल्या उघडिपीत उतरत असतील. तो तासभर खालीच राहिला असेल तर वडिलांच्या हातातल्या पिशवीत औषधे, पाण्याची बाटली आणि थोडे खाणे अवश्य द्या, कारण विमान अहमदाबादला गेले तर विमानाच्या पोटातल्या सामानात ठेवलेली औषधे त्यांच्या हाती लवकर लागणार नाहीत.